उन्हाळ्यातली लागर : थंडी कुठे खर्च करायची (प्रकल्प नोंदी, नाशिक)

16 फेब्रुवारी

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत नाशिकमध्ये लागर (थंड आंबवून मग थंडीत मुरवलेली बिअर) करायला फारसं काही लागत नाही. जाड भिंतींची, उत्तरेकडची खोली असली की फर्मेंटर (आंबवायचं भांडं) आपोआप 12-13 अंशांवर राहतो. फेब्रुवारी सरत आला की हे सुख संपतं. दुपारी खोलीत 26, मार्चमध्ये 30, एप्रिलमध्ये त्याहून जास्त. ज्याच्याकडे ग्लायकॉल चिलर (टाक्या गार ठेवणारं यंत्र) आहे त्याला फरक पडत नाही. ज्याच्याकडे 20 लिटरची भांडी आणि एक डीप फ्रीझर एवढंच आहे, त्याची लागर मात्र जूनपर्यंत बंद पडते आणि तो एलकडे, म्हणजे जास्त तापमानाला आंबणाऱ्या बिअरकडे वळतो. मला हे पटत नाही, म्हणून हा प्रकल्प.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. या सगळ्या चाचण्या मी जिथे काम करते त्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, चाचणीसाठी ठेवलेल्या छोट्या भांड्यांत होणार आहेत, आणि प्रत्येक बॅच नोंदवहीत चढणार आहे. भांडी मुद्दाम घरगुती मापाची ठेवली आहेत. मोठ्या टाकीवर मिळालेलं उत्तर 20 लिटरच्या पिंपाला लागू पडतंच असं नाही.

प्रश्न असा : लागरचं यीस्ट नेहमीपेक्षा गरम ठेवलं तर नक्की काय बिघडतं, आणि कुठल्या दिवशी बिघडतं?

18 फेब्रुवारी

यीस्ट ठरलं : डब्ल्यू-34/70, कोरडं. मूळ वाण जर्मनीतल्या वाइहेनश्टेफानचा, जगभरच्या लागर ब्रुअऱ्यांत वापरला जाणारा. बनवणारी कंपनी आंबवणीसाठी 12 ते 18 अंशांची शिफारस करते. म्हणजे 18 अंश हे काही माझं धाडस नाही. जुन्या पुस्तकांतले 8 ते 13 अंश डोक्यात इतके पक्के बसलेत की कंपनीची शिफारस वाचूनही कुणी तिकडे लक्ष देत नाही.

लागर यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस पास्टोरियानस, हे संकर आहे. अर्धी बाजू पाव-वाइन-एलच्या सेरेव्हिसीची, अर्धी युबायानसची. हे युबायानस 2011 मध्ये पहिल्यांदा वर्णिलं गेलं, पॅटागोनियातल्या थंड जंगलांत, नॉथोफेगस झाडांवरच्या गाठींवर सापडलेलं. थंडी सोसण्याची ताकद या बाजूने आली. पण थंडी सोसणं वेगळं आणि थंडीची गरज असणं वेगळं. हे यीस्ट 20 अंशांना जास्त वेगाने वाढतं. अडचण या वेगाचीच आहे. वाढीच्या काळातच केळ्या-सफरचंदासारखा वास देणारे एस्टर आणि घशाला जाळणारे जड अल्कोहोल तयार होतात. वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत होते. मग सगळी कडक शिस्त त्या दोन-तीन दिवसांपुरतीच लागत असेल का? मला हेच तपासायचं आहे.

22 फेब्रुवारी : शिजवणी

एकच वॉर्ट (ज्याची बिअर होते ते माल्टचं गोड पाणी), तीन भांडी. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) 12.6 किलो, म्युनिक 600 ग्रॅम. 65 अंशांना तासभर मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं), नंतर 76 ला नेऊन गाळणी. पाणी आरओचं, त्यात कॅल्शियम क्लोराइड. आमच्या बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं, बायकार्बोनेट भरपूर, फिकट माल्टच्या मॅशला ते चालत नाही. मॅशचा पीएच 5.4.

उकळी 90 मिनिटं. नाशिकला पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि पिल्सनर माल्टमधून येणारा उकडलेल्या मक्यासारखा वास उकळीतच उडवायचा असतो, म्हणून मी 60 मिनिटांवर भागवत नाही. हॉप्स (कडूपणा आणि सुवास देणारी फुलं) : सुरुवातीला मॅग्नम 45 ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत साझ 60 ग्रॅम. एकूण 60 लिटर, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबते तशी ती उतरते) 1.048.

वाटणी :

अ : डीप फ्रीझर, कंट्रोलर लावून 12 अंश.
ब : खोलीत, पाण्याच्या टबात, ओल्या कापडात गुंडाळून. लक्ष्य 19 अंश.
क : 30 लिटरचं स्टीलचं केग, टबात, 20 अंश, पण 1 बार दाबाखाली.

यीस्ट तिघांना सारखंच, प्रत्येकी 23 ग्रॅम. कंपनीचं प्रमाण हेक्टोलिटरला 80 ते 120 ग्रॅम आहे. 20 लिटरला 23 ग्रॅम म्हणजे वरच्या टोकाजवळ. एका पाकिटात काम उरकण्याचा मोह इथे टाळायचा. पेशी कमी पडल्या की यीस्टला जास्त पिढ्या वाढवाव्या लागतात, आणि जेवढी वाढ जास्त तेवढा फळांचा वास जास्त. गरम लागरमध्ये दुसऱ्या पाकिटाचा खर्च हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

तिन्ही भांडी यीस्ट टाकण्याआधी 14 अंशांपर्यंत खाली आणली. टाकीतलं पाणी 24 अंशांचं, त्यामुळे कॉइलमधून फिरवून वॉर्ट 27 पर्यंतच उतरतो. पुढचं काम बर्फाच्या पाण्याने. ब आणि क तिथून हळूहळू स्वतःच्या उष्णतेने वर चढतील. गरम वॉर्टमध्ये यीस्ट टाकून मग थंड करत बसणं याच्या नेमकं उलट आहे आणि नुकसानीचं आहे.

23 फेब्रुवारी

कापडाबद्दल. काकांनी (बॉयलर तेच सांभाळतात) सकाळी गोणपाट आणून दिलं. त्यांचं म्हणणं, माठाला गोणपाटच लागतं. थंडाव्याच्या बाबतीत ते अगदी बरोबर. पण ओल्या गोणपाटाला दोन दिवसांत बुरशी धरते आणि फर्मेंटरच्या तोंडाजवळ बुरशी नको. जुनं सुती धोतर चार पदरी गुंडाळलं, खालचं टोक टबातल्या पाण्यात. कापड स्वतःच पाणी वर ओढतं. समोर टेबल फॅन.

हे किती थंड करू शकेल ते आधीच कळतं. दोन थर्मामीटर घ्यायचे, एकाच्या फुग्याला ओली सुती चिंधी बांधायची आणि दोन्ही पंख्यासमोर धरायचे. आज कोरडा 26, ओला 16. ओल्या थर्मामीटरच्या खाली कापड कधीच जाणार नाही, आणि आतलं यीस्ट उष्णता देत असताना त्याच्या दोन-तीन अंश वरच थांबेल. म्हणजे 19 मिळायला हवेत.

यीस्टची उष्णता किती? 20 लिटर वॉर्टमधली साखर आंबताना जेवढी उष्णता निघते, ती सगळी आतच कोंडली तर बिअर दहा-अकरा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात भिंतींतून बरीच निघून जाते, तरी जोरात आंबत असलेला फर्मेंटर खोलीपेक्षा तीन-चार अंश वर असणं नेहमीचं. म्हणून खोलीचं तापमान लिहून उपयोग नाही. प्रोब भांड्याच्या मध्यात, थर्मोवेलमध्ये (त्याच्यासाठी आत सोडलेली बंद नळी). बाहेर चिकटवायचा असेल तर त्यावर जाड फोम हवा, नाहीतर तो ओल्या कापडाचं तापमान दाखवत राहील.

संध्याकाळची मापं (20 अंशांसाठी दुरुस्त केलेली. 27-28 अंशांच्या नमुन्यात हायड्रोमीटर साधारण 0.002 कमी दाखवतो) : अ 1.047, ब 1.043, क 1.044. आतलं तापमान : अ 12.1, ब 18.4, क 18.9.

24 फेब्रुवारी

अ 1.045, ब 1.031, क 1.033. ब वर दाट, पांढरा फेस. आतलं तापमान 19.3. दुपारी तीन ते सहा जोर सर्वाधिक होता, तेव्हा टबात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सोडल्या. रात्री काढून घेतल्या.

क च्या दाबाविषयी. स्पंडिंग व्हॉल्व्ह 1 बारवर लावला आहे. त्याच्या वरचा गॅस निघून जातो, खालचा आत राहतो. आतला कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळून यीस्टची वाढ दाबून धरतो. वाढ कमी, म्हणून एस्टर कमी. शिवाय 20 अंशांना 1 बारवर बिअर निम्म्याहून जास्त कार्बोनेट होऊन निघते. पण हे काम दाबासाठी बनवलेल्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेल्या भांड्यातच करायचं. प्लास्टिकच्या पिंपाचं झाकण आवळून हे करू पाहणारा स्वतःच्या जिवाशी खेळतो आहे. हे कुणी विचारलं तर मी दरवेळी सांगते आणि पुन्हा सांगेन.

25 फेब्रुवारी

अ 1.041, ब 1.021, क 1.023.

चिलटं फार झाली आहेत. द्राक्षांची तोडणी जोरात आहे, दिंडोरी रस्त्याने क्रेट भरलेले टेम्पो दिवसभर जातात आणि सांडलेल्या रसावर चिलटं पोसतात. त्यांच्या पायांवर रानटी यीस्ट आणि व्हिनेगर करणारे जिवाणू दोन्ही असतात. एअरलॉकमध्ये (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) साधं पाणी न भरता सॅनिटायझर भरला, नमुना काढायच्या नळावर दरवेळी फवारा. ओल्या कापडाची पद्धत वापरणाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये याकडे विशेष लक्ष द्यावं, कारण ओलावा आणि गोड वास एकाच जागी असतात.

27 फेब्रुवारी

अ 1.032, ब 1.011, क 1.012.

ब संपत आली. वास घेतला : स्वच्छ, किंचित गंधक, फळ जवळजवळ नाही. पण एवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, डायअॅसिटिल लपून बसतं. यीस्ट अल्फा-अॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बिअरमध्ये सोडतं. त्याला वास नाही. तो हळूहळू डायअॅसिटिलमध्ये बदलतो आणि मग बिअरला सिनेमा थिएटरातल्या पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास येतो. लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम एवढ्यावरही तो जाणवतो. यीस्ट जागं असेल तर ते डायअॅसिटिल परत खाऊन टाकतं. म्हणजे बिअर घाईने थंड केली तर आज स्वच्छ वाटणारी बाटली महिन्याने लोण्याची होते.

चाचणी सोपी आहे. दोन ग्लासांत नमुना, दोन्ही झाकलेले. एक 60-65 अंशांच्या पाण्यात अर्धा तास, दुसरा तसाच. मग दोन्ही एका तापमानाला आणून हुंगायचे. ब चा तसाच ठेवलेला स्वच्छ, तापवलेल्यात लोणी स्पष्ट. म्हणजे लोण्याचा कच्चा माल अजून आत आहे. पंखा बंद केला, कापड काढलं, ब ला 22 पर्यंत चढू दिलं. आंबवण जवळजवळ संपलेली असताना ही उष्णता एस्टर वाढवत नाही, आणि लोणी साफ करण्याचं काम मात्र भराभर करते.

1 मार्च

ब 1.010, कालही 1.010. तापवलेला नमुना स्वच्छ. क 1.010, तोही स्वच्छ. अ 1.024, अजून अर्ध्यावर.

ब आणि क केगमध्ये भरून थंड खोलीत, 2 अंश. आठवड्याभरात 5 टक्क्यांची बिअर आंबून तयार, पण मुरवणीत मी कपात करणार नाही. प्रथिनं आणि गाळ खाली बसायला, गंधक उडायला थंडीच लागते, आणि त्याला आठवडे लागतात. इथे गरमी काही मदत करत नाही.

4 मार्च

संध्याकाळी वाइनरीत काम करणारा जुना मित्र आला होता. दिंडोरी तालुक्यात त्याचं सेलर, तिथे मी दोन हंगाम केले. त्याने टबातला फर्मेंटर बघून लगेच विचारलं, "ताई, आम्ही शेनिन ब्लाँ 13-14 अंशांना आंबवतो ते फळांचा वास राहावा म्हणून. तू थंडी ठेवतेस ते फळांचा वास येऊ नये म्हणून. हे कसं?"

प्रश्न चांगला आहे, आणि नाशिकमध्येच सुचेल असा आहे. पांढऱ्या वाइनमध्ये थंडीमुळे हलके, उडून जाणारे एस्टर रसातच टिकतात, वाइन यीस्टही कमी तापमानाला ते चांगले बनवतं, आणि तिथे ते हवेच असतात. बिअरच्या वॉर्टमध्ये नायट्रोजन, हवा, यीस्टची जात सगळंच वेगळं. तिथे तापमान वाढलं की यीस्टचा एस्टर जोडणारा एन्झाइम जास्त काम करतो, आणि जेवढं उडून जातं त्यापेक्षा जास्त तयार होतं. एकाच यंत्राकडून दोन धंद्यांना उलट कामं हवी आहेत. त्याला मी म्हटलं, तुमच्या टाक्यांचं जॅकेट (टाकीभोवतीचं गार करणारं आवरण) मार्चअखेर रिकामं होतं तेव्हा आम्हाला भाड्याने दे. तो गंभीरपणे विचार करतो म्हणाला.

8 मार्च

अ 1.012. फ्रीझर 17 वर नेला, डायअॅसिटिल साफ करण्यासाठी. 12 मार्चला अ 1.010, तापवलेला नमुना स्वच्छ, केग थंड खोलीत.

फ्रीझर अ साठी अठरा दिवस अडकून होता. ब ने तो एक तासही वापरला नाही.

9 एप्रिल : चाखणी

त्रिकोणी पद्धत. प्रत्येकाला तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास ओळखायचा. काळे कप, कारण अ किंचित जास्त नितळ होती. 18 जण. नुसत्या अंदाजाने सहा बरोबर येतात. फरक खरा आहे असं म्हणायला 18 पैकी किमान 10 हवेत.

अ विरुद्ध ब : 8 बरोबर.
अ विरुद्ध क : 7 बरोबर.

याचा अर्थ दोन्ही बिअर एकच आहेत असा नाही. 18 जणांच्या गटाला फरक ठामपणे सापडला नाही, एवढाच. माझ्या स्वतःच्या जिभेला फरक आहे. ग्लास 12-13 अंशांपर्यंत गरम झाला की ब मध्ये सफरचंदाच्या सालीची अगदी पुसट छटा येते, अ मध्ये ती नाही. क आणि अ मला डोळे मिटून सांगता येत नाहीत. तिघींत मला सगळ्यात आवडली ती क, फेस बारीक आणि टिकाऊ म्हणून.

काकांनी तिन्ही चाखल्या आणि ब पसंत केली.

14 एप्रिल

आता मर्यादा शोधायची. बॅच ड : तोच वॉर्ट, 20 लिटर, यीस्ट तेवढंच, पण कापड नाही, टब नाही. खोली 30. वॉर्ट 22 अंशांना असताना यीस्ट टाकलं, दुसऱ्या दिवशी आत 27.5.

तिसऱ्या दिवशी 1.012. वास दारातच कळला : केळं, त्यामागे नेलपॉलिशसारखं काहीतरी. ही मुरवूनही सुधारणार नाही, पण चाचणीसाठी नियमाप्रमाणे महिनाभर थंड खोलीत ठेवणार.

23 एप्रिल

आजच्या तारखेला जोडून एक जुनी गोष्ट. बव्हेरियात 1553 मध्ये हुकूम निघाला की सेंट मायकेलच्या दिवसापासून, म्हणजे 29 सप्टेंबरपासून, सेंट जॉर्जच्या दिवसापर्यंत, म्हणजे 23 एप्रिलपर्यंतच बिअर करायची. उन्हाळ्यातली बिअर बिघडते हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. का बिघडते ते कळायला पुढची तीनशे वर्षं गेली. थंडीत तगणारं यीस्ट या बंदीमुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, लागर त्यातून घडली. कार्ल फॉन लिंडेने 1870 च्या दशकात म्युनिकच्या ब्रुअरीसाठी शीतयंत्रं बनवली आणि बंदीची गरज संपली. 1883 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेनने लागर यीस्टची शुद्ध वाढ वेगळी केली.

याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत बर्फाशिवाय लागर यीस्ट वापरत होते. रुंद, उथळ, उघड्या टाक्यांत, समुद्रावरून येणाऱ्या गार हवेवर. तिलाच स्टीम बिअर म्हणत. ती लागरसारखी नितळ नव्हती आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. पण उथळ टाकीमागचा विचार आपल्या धोतराच्या कापडासारखाच आहे : यीस्टची उष्णता तयार होते त्याच वेगाने बाहेर काढा.

29 एप्रिल

संध्याकाळी वळीव. साडेपाच तास वीज नव्हती. फ्रीझरमध्ये बॅच इ होती (खाली लिहिते), 14.2 वरून 15.6 वर गेली, एवढंच. 20 लिटर पाणी आणि बंद फ्रीझर यांना तापायला वेळ लागतो. झाकण उघडून बघत बसायचं नाही.

बॅच इ, 26 एप्रिलपासून

पहिल्या फेरीतून मला जे दिसलं त्यावर ही बॅच रचली आहे. थंडी थोडीच आहे, तर ती दोन ठिकाणी खर्च करायची : पहिले चार दिवस आणि शेवटची मुरवण. मधला काळ खोलीला देऊन टाकायचा.

26 एप्रिल : 12 अंशांना यीस्ट, फ्रीझर 14 वर. 23 ग्रॅम.
27 एप्रिल : 1.046.
28 एप्रिल : 1.039.
29 एप्रिल : 1.030, नंतर वीज गेली.
30 एप्रिल : 1.021. सकाळी फ्रीझरमधून बाहेर. खोली 31, ओला थर्मामीटर 19. कापड आणि पंखा.
1 मे : 1.016, आत 20.8.
2 मे : 1.012, आत 22.3. कापड काढलं.
4 मे : 1.010, आत 25. तापवलेल्या नमुन्यात लोण्याची पुसट छटा.
6 मे : 1.010, स्वच्छ. थंड खोलीत.

फ्रीझर 30 तारखेलाच मोकळा झाला, त्याच संध्याकाळी त्यात पुढची बॅच गेली. अठरा दिवसांच्या जागी चार. ज्याच्याकडे एकच फ्रीझर आहे त्याच्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा आहे. चवीपेक्षा मी या आकड्यानेच जास्त खूश आहे.

1.021 लाच बाहेर का काढली? 1.048 वरून 1.010 पर्यंतच्या वाटेत सत्तर टक्के अंतर तेव्हा कापून झालं होतं, फेस उंची गाठून बसू लागला होता, म्हणजे वाढ थांबली होती. तारखेकडे बघून हे ठरवू नये. यीस्ट जुनं असेल किंवा वॉर्टला हवा कमी मिळाली असेल तर चार दिवसांचे सहा होतील. ग्रॅव्हिटी निम्म्याच्या खाली आणि फेस उतरू लागलेला, या दोन्ही खुणा दिसल्या की बाहेर.

5 जून : चाखणी, दुसरी

तेच 18 जण, दोन जण बदलून. अ शिल्लक नव्हती, म्हणून मोठ्या टाकीतली, 11 अंशांना आंबवलेली आमची नेहमीची लागर तुलनेला घेतली. वॉर्ट तोच आहे, तरी टाकी वेगळी, त्यामुळे ही तुलना पहिल्या फेरीइतकी शुद्ध नाही.

नेहमीची विरुद्ध ड : 15 बरोबर. केळं, "स्पिरिट", "पिकलेला पेरू" असे शब्द कागदावर आले. गरम लागरचा दावा कुठे संपतो ते ड ने दाखवलं. यीस्ट भरपूर होतं, तरी 27 अंशांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

नेहमीची विरुद्ध इ : 7 बरोबर.

इ मध्ये मला सफरचंदाची साल सापडली नाही, ब मध्ये सापडते. म्हणजे 14 आणि 19 मधला फरक पहिल्या चार दिवसांत खरा आहे, छोटा असला तरी. फ्रीझर असेल तर 14-15. नसेल तर ओलं कापड आणि 19, आणि ती बिअरही मी निःसंकोच ग्लासात ओतेन. दाबाचं केग असेल तर 20 ला क ची पद्धत, कापडासकट.

24 जून

पाऊस लागला. कोरडा थर्मामीटर 28, ओला 25. ओल्या कापडाची पद्धत आजपासून बंद, पंखा लावून अंगावर ओलं धोतर वाळत घालण्यापलीकडे त्यातून काही होणार नाही. हवा भरलेली असली की पाणी उडत नाही, आणि उडालं नाही तर गारवा नाही. आता ऑक्टोबरच्या कोरड्या हवेपर्यंत थांबणं आलं. नाशिकसाठी या पद्धतीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा धरते. कोकणातल्या ओळखीच्या मंडळींनी विचारलं होतं, त्यांना नाही म्हणून कळवलं. तिथे ओला थर्मामीटर वर्षातले बहुतेक महिने चढलेलाच असतो.

पावसाळ्यात फ्रीझरची चार दिवसांची फेरी चालूच राहील. फक्त बाहेर काढल्यावर कापडाऐवजी टबात बर्फाच्या बाटल्या, दिवसातून दोनदा बदलून, आणि ग्रॅव्हिटी 1.018 च्या खाली आल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, कारण आता खोलीत उष्णता बाहेर टाकायला जागा कमी आहे. बॅच फ साठी वॉर्ट शुक्रवारी. यीस्ट यावेळी इ च्या तळाचं वापरलेलं घेणार आहे, दाट गाळ 200 मिलिलिटर, थंड खोलीत जपून ठेवलेला. तो सात आठवड्यांचा झालाय, म्हणून गुरुवारी थोड्या वॉर्टमध्ये जागा करून बघते. दुपारपर्यंत फेस धरला नाही तर नवी दोन पाकिटं.